भावी मुख्यमंत्र्यांचे पीक

'भावी' हा शब्द आमच्या पिढीच्या लहानपणी सोयरिकीच्या बोलण्यातच तेवढा ऐकू यायचा. भावी जावई, भावी सून. तोही सुपारी फुटल्यानंतर. त्याआधी कोणी कोणाला जावई म्हणाले, तर घरातली म्हातारी माणसे डोळे वटारत. बोलणी फिसकटली तर बोलणाऱ्याचे काही जात नाही, नाव मुलीचे निघते, हे त्यांना ठाऊक असे. आता हा शब्द मांडवातून उठून चौकात आला आहे, आणि डोळे वटारणारे कोणी उरलेले नाही.

सोनपेठच्या बसस्थानकाकडून बाजारपेठेकडे निघालात, तर दोन्ही अंगांना हे भावी लोक हात जोडून उभे दिसतील. भावी सरपंच, भावी नगरसेवक, भावी सभापती, भावी आमदार. वाढदिवस कोणाचा, शुभेच्छुक कोण आणि भावी कोण, हे एका दमात सांगणे कठीण. फ्लेक्सवर चेहरेच पंचवीस-तीस असतात आणि खालच्या रांगेतला पोरगा वरच्या रांगेत केव्हा सरकला, हे गावाला कळतही नाही. लोक बघतात, हसतात आणि आपल्या कामाला जातात. हसण्यावारी नेण्यासारखेच ते असते. पण या माळेतला मेरुमणी जो 'भावी मुख्यमंत्री', त्याच्यापाशी आले की मला हसू येत नाही.

एखाद्या तरुण, कमी अनुभवाच्या नेत्याबद्दल 'हा उद्या राज्य करील' असे कोणी बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. चार माणसे पारावर बसली की अंदाज बांधणारच. पाऊस आणि राजकारण या दोन विषयांवर अंदाज बांधायला मराठवाड्यात कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. माझी तक्रार निराळी आहे. आपण शेंड्याकडे इतके लवकर आणि इतके टक लावून बघतो, की बुंध्याकडे लक्षच जात नाही. नेता जिथे घडतो त्या जागा आपल्या डोळ्यांदेखत कुलूपबंद झाल्या, तरी त्याची चर्चा आपण मुख्यमंत्रिपदाच्या चर्चेच्या शतांशानेही केली नाही.

आमचा तालुका परभणी जिल्ह्याचा, विधानसभेचा मतदारसंघ पाथरीचा. पण बाजारहाट, सोयरिकी आणि राजकारणाच्या गप्पा मात्र पुष्कळशा परळीच्या. परळी तालुका आम्हाला लागूनच आहे. तिकडे शिंक आली की इकडे रुमाल निघतो. त्यामुळे 'भावी' या शब्दाचे काय होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

गोपीनाथराव मुंडे १९७८ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले. १९८० मध्ये रेणापूरमधून आमदार झाले, १९८५ मध्ये हरले, १९९० मध्ये परत आले, विरोधी पक्षनेते झाले आणि मार्च १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री. जिल्हा परिषदेच्या सभागृहापासून मंत्रालयाच्या सहाव्या मजल्याच्या उंबरठ्यापर्यंत सतरा वर्षे. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे त्यांच्या नावापुढे लोकांनी 'भावी मुख्यमंत्री' लावले. ते पद काही आले नाही. २६ मे २०१४ रोजी ते केंद्रात मंत्री झाले आणि ३ जूनला दिल्लीत अपघातात गेले. त्या दिवशी या भागात किती घरांत चूल पेटली नाही, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

वडिलांनंतर पंकजाताई रस्त्यावर उतरल्या. २००९ पासून त्या परळीच्या आमदार होत्या. म्हणजे अगदीच नवख्या नव्हत्या, पण सत्तेत कधी बसलेल्या नव्हत्या. २०१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांची संघर्ष यात्रा निघाली, तेव्हा गर्दीत माणसे रडत होती आणि त्याच तोंडाने घोषणा देत होती. दुःख आणि अपेक्षा एकाच गाडीत बसली की ती गाडी कोणाच्या हाती राहत नाही. ऑक्टोबरअखेर त्या मंत्री झाल्या, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ग्रामविकासासारखे मोठे खाते घेऊन. आणि पाठोपाठ 'जनतेच्या मनातील मुख्यमंत्री' हे शब्द त्यांच्या नावाला चिकटले.

हे शब्द चिकटल्याने नफा कोणाचा झाला? ज्याने बॅनर लावला त्याचा फोटो छापून आला. ज्याने बातमी केली त्याचा रकाना भरला. ज्यांच्या खुर्चीकडे बोट दाखवले गेले, ते सावध झाले. आणि ज्यांच्या नावाने हे सगळे चालले, त्यांच्या वाट्याला न मागितलेले प्रतिस्पर्धी आले. २०१९ मध्ये पंकजाताई परळीतच चुलतभाऊ धनंजय मुंडे यांच्याकडून सुमारे तीस हजार मतांनी हरल्या. २०२४ मध्ये बीडची लोकसभेची जागा ६,५५३ मतांनी गेली. त्यानंतर विधान परिषद आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मंत्रिपद. पराभवाला दहा कारणे असतात, जातीची समीकरणे असतात, घरातले असतात, बाहेरचे असतात. एका शब्दाने कोणी हरत नाही. पण आमच्याकडच्या पारावर २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत त्यांच्याविषयी जे बोलले गेले, त्यात मुख्यमंत्रिपदाचा विषय किती आणि ग्रामविकास खात्याचा कारभार किती, याचा हिशेब मांडला तर दुसरा रकाना जवळजवळ कोराच निघेल. त्यांच्या खात्याने चांगले काय केले, वाईट काय केले, हे विचारायला कोणाला सवडच नव्हती.

दुसरे उदाहरण मुंबईचे. आदित्य ठाकरे यांनी २०१९ मध्ये वरळीतून विधानसभेची निवडणूक लढवली. ठाकरे घराण्यातले निवडणुकीला उभे राहिलेले ते पहिलेच. वय २९. त्याआधी नगरसेवकपद नाही की कुठली समिती नाही. युवासेनेचे काम तेवढे हाताशी. जुलैमध्ये त्यांची जन आशीर्वाद यात्रा निघाली तेव्हाच पुढचे मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाऊ लागले होते. म्हणजे आमदारकीचा अर्ज भरण्याच्याही आधी. निकाल लागले, ते ६७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 'मातोश्री'बाहेर फलक लागला: 'माझा आमदार, माझा मुख्यमंत्री'. आमदारकीची शपथही व्हायची होती!

पुढे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. मुख्यमंत्री मुलगा झाला नाही, वडील झाले. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवाजी पार्कवर उद्धवरावांनी शपथ घेतली, तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते आणि पूर्वी कधी नव्हते. सहा महिन्यांत सदस्य होण्याची घटनेची अट पुरी करताना करोनाने निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या आणि मे २०२० मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध निवड झाली, तेव्हा कुठे खुर्ची टिकली.

उद्धवरावांच्या कारकिर्दीबद्दल माझे मत दोन्हीकडच्या मंडळींना आवडणार नाही. करोनाच्या दिवसांत ते दूरचित्रवाणीवरून घरातल्या मोठ्या माणसासारखे बोलत. आवाज चढवत नसत, भलती आश्वासने देत नसत. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना त्या दिवसांत तो आवाज ऐकला की बरे वाटे. त्या कामाला अनुभव लागत नव्हता, माणुसकी लागत होती. पण सरकार चालवणे हे दुसरे काम आहे. आमदार भेटायला येतो तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर काय लिहिले आहे, यापेक्षा तो कागद न देता परत का गेला हे ज्याला कळते, तो मुख्यमंत्री टिकतो. जून २०२२ मध्ये रातोरात आमदार सुरतेला गेले. मुख्यमंत्र्यांची भेटच होत नाही, ही तक्रार त्यांच्यातल्या काहींनी जाहीरपणे केली. तक्रार खरी किती, सोयीची किती, ते बाजूला ठेवा. पण आपले चाळीसएक आमदार निघून चालले आहेत हे ज्यांना कळले नाही, त्यांच्यासमोर उभे राहिलेले एकनाथ शिंदे हे १९९७ मध्ये ठाण्यात नगरसेवक म्हणून सुरुवात केलेले, महापालिकेत सभागृह नेतेपद केलेले गृहस्थ होते. तुम्हाला त्यांचे ते वागणे पटो वा न पटो (पुष्कळांना पटलेले नाही), हिशेब तिथेच लागतो.

आदित्य यांना मात्र त्या फलकाने काय दिले, हा प्रश्न उरतोच. पर्यावरण आणि पर्यटन ही दोन खाती त्यांनी अडीच वर्षे सांभाळली. वातावरणातले बदल, विजेवरच्या गाड्या, हे विषय त्यांनी आवडीने हाताळले, आणि तरुण मंत्र्याने असेच विषय घ्यावेत असे मला तेव्हा वाटले होते. पण त्यांच्याबद्दलची चर्चा खात्यावर कधी टिकली नाही. ती एक तर 'युवराज' म्हणून टिंगलीची झाली, नाही तर 'भावी' म्हणून आरतीची. २०२४ मध्ये ते वरळीतून पुन्हा निवडून आले, मताधिक्य ८,८०१. पाच वर्षांत सदुसष्ट हजारांवरून आठ हजारांवर. पक्ष फुटला, समोरचा उमेदवार तगडा होता, हे खरे. पण या निवडणुकीनंतर विरोधी बाकावर बसलेला आमदार मला पहिल्या वेळच्या मंत्र्यापेक्षा जास्त आशादायक वाटतो. विरोधी बाक ही फार चांगली शाळा आहे.

अंदाज बांधणाऱ्यांचा आजवरचा निकाल काय आहे, तेही एकदा बघून घ्यावे. जानेवारी १९८२ मध्ये अंतुले गेले आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले, तेव्हा आदल्या आठवड्यात त्यांचे नाव किती जणांनी घेतले होते? १९९१ मध्ये पंतप्रधान कोण, यावर महाराष्ट्रात एकच चर्चा होती, शरदराव पवारांची. झाले नरसिंह राव. रामटेकने ज्यांना दोनदा खासदार केले, आणि ज्यांनी त्या वर्षी निवडणूकच लढवली नव्हती, ते.

राष्ट्रपतिपदाचीही तीच कथा. २००७ मध्ये आमच्या मराठवाड्याला वाटले होते की लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर राष्ट्रपती भवनात जाणार. त्यांचे नाव खरोखरच चर्चेत होते. पण डाव्या पक्षांचा विरोध झाला आणि शेवटच्या क्षणी जळगावच्या प्रतिभाताई पाटलांचे नाव पुढे आले, जे कोणाच्याच यादीत नव्हते. लोकांना वाटले, अचानक झाले. अचानक कसले? त्या १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाल्या, तेव्हा वय २७. आमदारकी, मंत्रिपदे, विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचे उपसभापतिपद, लोकसभा, राजस्थानचे राज्यपालपद असे करत जुलै २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या. पंचेचाळीस वर्षे. आपल्या यादीत त्या नव्हत्या, हा दोष यादीचा.

मी हयातभर बँकेत नोकरी केली, म्हणून एक गोष्ट मला जवळून ठाऊक आहे ती सांगतो. बँकेत कर्जमंजुरीचे अधिकार पायरीपायरीने मिळतात. नव्या अधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंतच सही करता येते. त्यावरचा प्रस्ताव वर पाठवावा लागतो. दोन-तीन वर्षे ग्रामीण शाखेत काढावीच लागतात. तिथे पीककर्ज मागायला आलेल्या माणसाचा सातबारा वाचता आला पाहिजे, आणि सातबाऱ्यावर जे लिहिलेले नसते तेही वाचता आले पाहिजे. विहिरीत पाणी आहे का, भावाभावांत वाद आहे का, मुलीचे लग्न तोंडावर आहे का. थेट भरतीने आलेले चोवीस-पंचवीस वर्षांचे अधिकारी पन्नाशीच्या कारकुनांच्या डोक्यावर येऊन बसत, तेव्हा शाखेत कुजबुज होई. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांतले कित्येक जण आम्हा जुन्यांपेक्षा सरस निघाले. वर्षे भरली म्हणजे शहाणपण येते असे नाही. नाही तर प्रत्येक शाखेतला सर्वांत जुना शिपाई मॅनेजर झाला असता. त्या पोरांचे एक बरे होते. त्यांची चूक पंचवीस हजारांची असे, पंचवीस कोटींची नसे. छोट्या रकमेवर चुका करून ती शिकली. मोठ्या रकमेवर सही करायची वेळ आली, तोवर हात स्थिर झालेला असे.

राजकारणात अनुभव म्हणजे काय, याचा मी एवढाच अर्थ घेतो. लहान जागी चूक करण्याची संधी मिळाली होती का? चूक निस्तरावी लागली होती का? हरल्यानंतर पुन्हा उभे राहावे लागले होते का?

या कसोटीवर लावून बघितले, तर ज्यांना आपण 'लहान वयात मुख्यमंत्री' म्हणतो ते अननुभवी नव्हते असे दिसते. यशवंतराव चव्हाण १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले ते ४३ व्या वर्षी. पण १९४६ पासून संसदीय सचिव, मग पुरवठा खात्याचे मंत्री असे दहा वर्षांचे पाठबळ होते. शरदराव १८ जुलै १९७८ रोजी मुख्यमंत्री झाले तेव्हा ३७ वर्षांचे होते. पण १९६७ पासून आमदार होते आणि मंत्रिपदावर अनेक वर्षे काढलेली होती. देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले, तोवर एकदाही मंत्री झालेले नव्हते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नाही. म्हणजे अननुभवीच म्हणा. पण ते १९९२ मध्ये नागपुरात नगरसेवक झाले होते, २७ व्या वर्षी महापौर झाले होते, आणि १९९९ पासून सलग आमदार होते. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, १९८० मध्ये आमदार झाले, मंत्री झाले, आणि १९९५ मध्ये आपल्या लातुरातच आपटले. नंतर विधान परिषदेच्या निवडणुकीतही हरले. माणूस संपला असे लोक म्हणत होते. १९९९ मध्ये ते मुख्यमंत्री झाले! शंकरराव चव्हाणांनी नांदेडच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद केले होते, मग १९५६ मध्ये उपमंत्री झाले, पाटबंधारे खाते पाठ केले. मुख्यमंत्रिपद मिळायला १९७५ उजाडले. जायकवाडीचे पाणी परभणी जिल्ह्यात कालव्याने आले, त्यामागे पाटबंधाऱ्याचा कागद न् कागद वाचणारा तो करडा माणूस होता.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेकडे बघा. बराक ओबामा सिनेटमध्ये जाऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, तोच फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी अध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली आणि पुढच्या वर्षी ते निवडूनही आले. तिकडेही 'अनुभव कुठे आहे' अशी ओरड झालीच होती. पण त्याआधी त्यांनी इलिनॉय या राज्याच्या विधिमंडळात जवळजवळ आठ वर्षे काढली होती, आणि २००० मध्ये प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी पक्षांतर्गत निवडणुकीत ते दणकून हरले होते. आणखी एक फरक आहे. तिकडे 'भावी अध्यक्ष' म्हणवून घेतले, की त्याच दिवसापासून परीक्षा सुरू होते. राज्याराज्यांत जाऊन स्वतःच्याच पक्षाच्या मतदारांसमोर उभे राहायचे, प्रतिस्पर्ध्यांशी समोरासमोर वाद घालायचा, वर्ष-दीड वर्ष लोक उलटेपालटे करून बघणार. ओबामांना हिलरी क्लिंटन यांच्याशी जून २००८ पर्यंत झुंजावे लागले. आपल्याकडे 'भावी' ठरल्यावर परीक्षा कसलीच नाही. मुख्यमंत्री ठरतो तो आमदारांच्या बैठकीत, आणि बैठकीत काय ठरवायचे ते बहुधा दिल्लीत किंवा एखाद्या बंगल्यात आधी ठरलेले असते. तिथे अंदाज हा परीक्षेचा पहिला पेपर असतो. इथे पेपर न देताच निकालाचे पेढे.

आता बुंध्याकडे येतो.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी आल्या. ज्या समितीच्या शिफारशींवरून त्या आल्या, तिचे अध्यक्ष होते वसंतराव नाईक. पुढे ते स्वतः मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. या व्यवस्थेतून किती माणसे तयार झाली, याची गणती नाही. शाळेचे छप्पर, दवाखान्यातल्या औषधांचा पुरवठा, पाझर तलाव, जनावरांचा डॉक्टर या गोष्टींवर भांडता भांडता माणूस कारभार शिकतो. गटातल्या वीसपंचवीस गावांतली माणसे त्याला नावाने ओळखतात, आणि तोंडावर शिव्याही देतात. १९९३ नंतर तिथे तेहतीस टक्के स्त्रिया आल्या, २०११ पासून निम्म्या जागा त्यांच्या झाल्या. सुरुवातीला बाईच्या शेजारी नवरा बसे आणि बाईची सही तोच पुढे सरकवी. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवऱ्याला बाहेर बसायला सांगणाऱ्या सदस्याही दिसू लागल्या. उद्याची एखादी मुख्यमंत्री घडायची असेल, तर या खोलीत तिची घडण सुरू होण्याची शक्यता सर्वांत जास्त. महाराष्ट्राला अजून एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही, हे इथे आठवावे.

ही खोली मार्च २०२२ मध्ये बंद झाली. परभणीसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागरचनेचे नियम कधी हे सरकार बदलत होते, कधी ते. प्रशासक बसले. मुंबईसारख्या महानगरपालिका आणि गावोगावच्या नगरपरिषदा, सगळीकडे तोच प्रकार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावले, तेव्हा यंत्रणा हलली, आणि २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदांसाठी मतदान सुरू झाले. जिल्हा परिषदांचा क्रमांक त्याच्याही मागून लागला. जवळजवळ चार वर्षे राज्याच्या बहुतांश भागात खालच्या पायरीवर एकही निवडून आलेला माणूस नव्हता. सरपंच होते, आमदार होते. मधला जिना नव्हता.

प्रशासकांनी वाईट काम केले असे नाही. काही ठिकाणी कामे झपाट्याने झाली, असे लोक सांगतात. अधिकाऱ्याला मते मागायची नसतात, त्यामुळे नाही म्हणणे सोपे जाते. पण त्या चार वर्षांत पंचविशी-तिशीतल्या ज्या हजारो मुलामुलींना पहिली निवडणूक लढवता आली असती, हरता आले असते, सभागृहात पहिल्यांदा उभे राहून पाय लटपटताना बोलता आले असते, त्यांची ती वर्षे गेली. ती मुले गप्प बसली नाहीत. त्यांच्याजवळ वेळ होता, मोटारसायकल होती, मोबाईल होता. त्यांनी फ्लेक्स लावले. काम करायला जागा नव्हती, तेव्हा भावी होणे एवढेच हाती उरले. गावातला एक मुलगा मला म्हणाला होता, 'काका, निवडणूकच नाही तर आम्ही माजी कसे होणार? भावीच राहणार.' त्याच्या बोलण्यातला विनोद मला फार दिवस पुरला.

आणि त्याच चार वर्षांत वर काय चालले होते? २०२३ मध्ये मुंबईत एकाच पक्षाच्या तीन-तीन नेत्यांचे 'भावी मुख्यमंत्री' म्हणून फलक झळकले. राज्यात 'भावीं'ची संख्या मंत्रिमंडळाएवढी झाली. मोठ्या वृत्तवाहिन्यांवर संध्याकाळी तासन्तास त्यावर चर्चा. पण परभणी जिल्हा परिषदेत निवडून आलेला सदस्य का नाही, यावर अर्धा तास कोणी घालवल्याचे मला आठवत नाही. आम्ही वाचकही तेच चवीने बघत होतो. दुकानदार जे खपते ते ठेवतो.

घराण्यांचे फावते ते इथेच. जिना नसला की गच्चीवर जन्मलेल्यांनाच आकाश दिसते. नेत्याच्या मुलाला जिल्हा परिषद बंद असली तरी फरक पडत नाही. त्याच्या नावाची चर्चा घरातच सुरू होते, घरातून चौकात येते आणि चौकातून वर्तमानपत्रात. शेतमजुराच्या किंवा मास्तरच्या मुलीला मात्र गटातली निवडणूक हीच एक खिडकी असते. पंकजाताईंना आणि आदित्य यांना मी दोष देत नाही. आपण कोणत्या घरात जन्मावे, हे त्यांनी ठरवले नव्हते, आणि लोकांनी टाकलेले ओझे त्यांनी उचलले. पण गोपीनाथराव नाथ्ऱ्यासारख्या खेड्यातून निघून जिल्हा परिषदेच्या दारातून आत आले होते, हे त्यांच्याच जिल्ह्याच्या शेजारी राहणाऱ्या आम्ही विसरलो, याचे मला जास्त वाटते. पुढचा गोपीनाथ १९९८ किंवा २००० मध्ये जन्मलेला असेल, तर २०२२ ते २०२५ मध्ये तो कोणाच्या तरी फ्लेक्सच्या खालच्या रांगेत उभा होता.

निवडून आलेली माणसे आता पुन्हा नगरपरिषदांत बसली आहेत. नगरपरिषदेची अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीत होते, आणि नागरिकांना ती जाऊन बघता येते. बहुतेकांना हे ठाऊकच नसते. पाणीपट्टी, नळयोजनेची दुरुस्ती, घनकचऱ्याचे कंत्राट, बाजारातल्या ओट्यांचे भाडे असले विषय असतात. मी पूर्वी एका गावी अशा सभेला बसलो होतो. बाहेरचा श्रोता मी एकटाच होतो. दीड तासात पंधरा सदस्यांपैकी दोघे बोलले. त्यांतली एक बाई होती. पहिल्यांदाच निवडून आलेली. तिने विचारले, मागच्या वर्षी पाण्याच्या मोटारीला जो खर्च दाखवला आहे, तीच मोटार याही वर्षी पुन्हा कशी काय जळाली? मुख्याधिकाऱ्यांनी फाइल मागवली.